विचारा की! : पायलटला दिसलं म्हणजे खरंच असणार ना?

मागच्या अंकात शुक्राबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की भलेभले फायटर पायलटसुद्धा शुक्राच्या मागे लागलेत. झालं. मेल आले, व्हॉट्सअॅप आले, चार पत्रं पोस्टाने आली, आणि एका गृहस्थांनी तर मला लक्ष्मी रोडवर पिशवीसकट उभं करून जाब विचारला. म्हणून या वेळी दुसरं काही नाही, फक्त पायलट आणि त्यांना दिसलेल्या अनोळखी वस्तू. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, तेव्हा नुसता एरिया लिहितोय.

धानोरीहून एक काका : माझी उभी नोकरी हवाई दलात गेली, ग्राउंडवर होतो. पायलटचे डोळे किती काटेकोर तपासतात ते मी पाहिलंय. रोज आकाशात असणाऱ्या माणसाला शुक्र कळत नाही म्हणता, हे जरा अतीच झालं.

काका, तुमचा राग मान्य. पण नजर तीक्ष्ण असणं वेगळं आणि अंतर कळणं वेगळं. डॉक्टरकडे तो अक्षरांचा तक्ता ६ मीटरवर टांगलेला असतो आणि तो ६ मीटरवर आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. आकाशात ते सांगायला कोणी नसतं. आपल्या दोन डोळ्यांमध्ये जेमतेम साडेसहा सेंटिमीटरची फट, तिच्या जिवावर खोली कळून कळून किती कळणार, थोड्या अंतरापुढे डोळे हात टेकतात आणि मेंदू बाकीच्या खुणा शोधायला लागतो, म्हणजे मध्ये एखादं झाड आहे का, मागे डोंगर धुरकट दिसतोय का, आणि मुख्य म्हणजे ही वस्तू आपल्या ओळखीची आहे का. ओळखीचं विमान असेल तर पायलट अंतर झटकन सांगेल कारण त्याला त्याची लांबी पाठ आहे. पण अनोळखी गोष्ट, मागे कोरं निळं आकाश, मध्ये काहीच नाही? तिथे १ मीटरचा फुगा १ किलोमीटरवर आणि ३० मीटरचं विमान ३० किलोमीटरवर डोळ्याला अगदी सारखंच दिसतं, त्यात नजर ६/६ असली काय नि नसली काय. आणि एकदा अंतर चुकलं की आकार चुकला, आकार चुकला की वेग चुकला, मग खाली उतरून रिपोर्ट लिहिताना "ताशी हजारो किलोमीटर" असं प्रामाणिकपणे लिहिलं जातं. खोटं कोणीच बोललेलं नसतं.

शिवाय अजून एक गंमत. कोऱ्या आकाशाकडे बघताना डोळ्याला फोकस करायला काही सापडत नाही, मग तो आपसूक जवळच, एखाददोन मीटरवर फोकस लावून बसतो. आणि रात्री पूर्ण अंधारात एकच दिवा टक लावून बघितला तर तो काही सेकंदांत हलायला लागतो, म्हणजे हलत नसतो, आपल्याला तसं वाटतं. पायलटच्या ट्रेनिंगमध्ये हे मुद्दाम शिकवतात.

माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अमावास्येला राजगडावर मुक्कामी होतो, संजीवनी माचीवर जेवणं उरकून बसलो होतो, आणि पश्चिमेला एक पिवळसर तारा डुलत होता. खरंच डुलत होता, वर जायचा, थांबायचा, परत खाली. आम्ही सहा जण, त्यातले तिघे नेहमी दुर्बिणी घेऊन फिरणारे, आणि अर्धा तास आमची चर्चा की हे काय असेल राव. मग त्याच्या शेजारी दुसरा तारा उगवला आणि दोघे बरोबर चालायला लागले तेव्हा एकाची ट्यूब पेटली, की समोर तोरणा आहे! अंधारात डोंगराची कडाच दिसत नव्हती, त्यामुळे तोरण्यावरून उतरणाऱ्या कुणाचीतरी बॅटरी आम्ही थेट आकाशात नेऊन ठेवली होती. त्या दिवसापासून मी पायलटला हसत नाही.

आणि काका, पायलट जी चूक करतो ती करणंच त्याच्या कामाचं आहे. समोर दिवा दिसला, तो विमान असेल किंवा तारा असेल. ताऱ्याला विमान समजला तर थोडी फजिती. विमानाला तारा समजला तर सगळे मेले. मग शहाणा माणूस कुठल्या बाजूला चुकेल? १४ जानेवारी २०११ ला टोरंटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये हेच झालं. फर्स्ट ऑफिसर डुलकीतून नुकताच उठलेला, समोरून येणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या विमानाची सूचना मिळालेली, त्याला आधी शुक्रच ते विमान वाटलं. मग खरं विमान दिसल्यावर ते अंगावर येतंय असं वाटून त्याने नाक खाली दाबलं. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी. खरं विमान आपलं १००० फूट खालून निवांत निघून गेलं. हे सगळं कॅनडाच्या चौकशी अहवालात आहे.

अमेरिकन हवाई दलाचे यूएफओवरचे, म्हणजे उडत्या अनोळखी वस्तूंवरचे, सल्लागार होते जे. अॅलन हायनेक, खगोलशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या तर एकट्या लष्करी पायलटने दिलेल्या रिपोर्टांपैकी ८८ टक्के काहीतरी साध्याच गोष्टीचे निघाले. खुद्द त्यांनाच आश्चर्य वाटलं. आणि हायनेक काही यूएफओवाल्यांचे शत्रू नव्हते हां, उलट उत्तरार्धात ते त्यांच्याच बाजूचे झाले होते.

वडगाव बुद्रुकहून एक ताई : पण शुक्राच्या मागे लागलेला तो फायटर पायलट नक्की कोण? नाव सांगा, नाहीतर वाक्य मागे घ्या.

ताई, वाक्य अर्धं मागे घेतो. माझ्या डोक्यात होता कॅप्टन थॉमस मँटेल. ७ जानेवारी १९४८, अमेरिकेतलं केंटकी राज्य. गॉडमन फील्ड विमानतळावरच्या लोकांना भर दुपारी आकाशात काहीतरी पांढरं दिसलं आणि तिकडून चाललेल्या मँटेलच्या एफ-५१ मस्टँगना जरा बघून या म्हणून सांगितलं. बरोबरची विमानं माघारी फिरली, हा एकटा वर चढत राहिला, ऑक्सिजन नव्हता, त्या उंचीवर शुद्ध हरपते, विमान कोसळलं आणि तो गेला. वय फक्त २५.

हवाई दलाने आधी सांगितलं की तो शुक्र होता. हेच मी वाचलं होतं आणि तेच ठोकून दिलं. पण दुपारच्या उन्हात शुक्र दिसतो तो सुईच्या टोकाएवढा, तोही नेमकं कुठे बघायचं माहीत असेल तर, त्यामुळे ते स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. आज सगळ्यात पटणारं उत्तर आहे ते स्कायहुक फुग्याचं. अमेरिकन नौदलाचे हे फुगे १०० फूट व्यासाचे असायचे, फायटरच्या आवाक्याबाहेर उंच जायचे, चकाकायचे, आणि तेव्हा ते गुपित होते म्हणून ना मँटेलला माहीत ना त्याला वर पाठवणाऱ्यांना. तो फुग्याच्या जवळ गेलाच नव्हता, फुगा त्याला वाटला त्यापेक्षा कितीतरी उंच होता. परत अंतरच. पण उत्तर देणाऱ्यांनीही घाई केली, हेही तितकंच खरं, आणि त्यात आता मी पण आलो.

कोथरूडहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : 'गो फास्ट' नावाचा अमेरिकन नेव्हीचा व्हिडिओ पाहिला. समुद्राला घासून काहीतरी सुसाट जातंय. खुद्द पेंटॅगॉनने, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याने, तो खरा म्हटलाय. मग?

व्हिडिओ खरा आहे, २०१५ मधला आहे, आणि एप्रिल २०२० मध्ये पेंटॅगॉनने तो बाकी दोन व्हिडिओंबरोबर रीतसर प्रसिद्धही केला. खरा म्हणजे आमच्याच विमानातून घेतलेला, एवढाच त्याचा अर्थ. पण तू इंजिनिअरिंगचा ना, मग स्क्रीनवरचे आकडे वाच की लेका, सगळं तिथेच लिहिलंय! विमानाची उंची २५,००० फूट. कॅमेरा आडव्या रेषेच्या २६ अंश खाली बघतोय. वस्तूपर्यंतचं तिरकं अंतर ४.४ सागरी मैल. आता अकरावीची त्रिकोणमिती काढ. साइन २६ म्हणजे ०.४३८, गुणिले ४.४, म्हणजे १.९३ सागरी मैल, म्हणजे साधारण ११,७०० फूट. वस्तू विमानाच्या एवढी खाली आहे. २५,००० मधून वजा केले की उरले १३,३००. समुद्राला घासून कसलं, जवळजवळ ४ किलोमीटर वर आहे ती!

मग सुसाट का दिसते? डेक्कन क्वीनने खंडाळ्याचा घाट उतरताना खिडकीतून दरीवर तरंगणारी घार बघितलीयेस कधी? घार जवळजवळ जागेवर असते, पण तू तिच्यावर नजर ठेवलीस की पलीकडचा डोंगर असा काही मागे पळतो की वाटतं घारच गाडीशी शर्यत लावतेय. पळतोयस तू. इथे गाडीच्या जागी फायटर विमान आहे आणि डोंगराच्या जागी समुद्र. नासाने एक अभ्यासगट नेमला होता, त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला, त्यात हेच गणित करून वस्तूचा वेग काढलाय साधारण ४० मैल, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. त्या उंचीवर वाराच तेवढा असतो. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणारं काहीतरी. फुगा असेल, दुसरं काही असेल, आकृतीवरून ओळखू येत नाही, पण सुसाट मात्र नाही.

त्यात पायलट आनंदाने ओरडताना ऐकू येतात, ते ऐकूनच लोकांच्या अंगावर काटा येतो. नीट ऐक, कॅमेऱ्याचं लॉक, म्हणजे वस्तूवरची पकड, बसत नव्हतं ते शेवटी बसलं म्हणून ती पोरं ओरडलीयेत.

तोच विद्यार्थी, दुसऱ्या मेलमध्ये : बरं, आणि 'गिंबल'? आणि टिक टॅक?

गिंबल म्हणजे त्या तिघांपैकी दुसरा व्हिडिओ, ज्यात एक वस्तू हवेतच वळताना दिसते. तो थोडक्यात सांगतो कारण त्यावर अजून भांडणं चालू आहेत. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला गरम इंजिन मागून दिसलं की विमानापेक्षा त्याची चमक मोठी येते, स्कूटरच्या हेडलाइटमागे स्कूटर दिसत नाही तसं. कॅमेरा गोल फिरणाऱ्या सांगाड्यात बसवलेला असतो, त्यालाच गिंबल म्हणतात, आणि सांगाडा फिरला की काचेतली चमक फिरते, वस्तू नाही. मिक वेस्ट नावाच्या गृहस्थाने हे फ्रेम फ्रेम करून दाखवलंय की वस्तू "वळते" त्याच क्षणी बाकी चित्रातले फिके डागसुद्धा वळतात. मला पटतं. तेव्हा त्या ताफ्यात असलेल्या काही पायलटना नाही पटत, ते म्हणतात रडारवर आणखीही वस्तू होत्या, पण तो रडारचा डेटा काही लोकांसमोर आलेला नाही.

टिक टॅकचं मात्र वेगळं आहे. नोव्हेंबर २००४, निमित्झ ही विमानवाहू नौका, कॅलिफोर्नियाचा किनारा. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानातल्या अॅलेक्स डीट्रिक यांनी दिवसाउजेडी पांढरं, गुळगुळीत, टिक टॅक पेपरमिंटच्या गोळीसारखं काहीतरी पाहिलं. ते फ्रेव्हरच्या हालचालींना साथ देत वर आलं आणि गायब झालं असं ते सांगतात. इथे लोक गल्लत करतात ती अशी, की प्रसिद्ध व्हिडिओ त्यांनी काढलेला नाहीच, तो नंतर उडालेल्या दुसऱ्या पायलटचा आहे, आणि शेवटी वस्तू डावीकडे सटकताना दिसते तेव्हा स्क्रीनवर झूमचा आकडा बदललेला आणि लॉक सुटलेलं दिसतं. मोबाइलवर चंद्र झूम करताना हात हलला की चंद्र सटकतो ना, तोच प्रकार. म्हणजे व्हिडिओ निकालात निघाला तरी फ्रेव्हरने डोळ्यांनी काय पाहिलं ते शिल्लक राहतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आहे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

बिबवेवाडीहून एक आई : मुलाने गच्चीवरून मोबाइलमध्ये चमकते त्रिकोण शूट केलेत. अमेरिकेच्या संसदेतही असेच त्रिकोण दाखवले म्हणे. खरं का?

दाखवले, मे २०२२ मध्ये, आणि तिथेच त्यांनी उलगडाही सांगितला, पण तेवढा भाग रीलमध्ये कापून टाकतात. ते ड्रोन होते, नाइट व्हिजनमधून साध्या कॅमेऱ्याने टिपलेले, आणि फोकस सुटला की दिव्याचा ठिपका भिंगातल्या झडपेचा आकार घेतो. झडप त्रिकोणी तर दिवा त्रिकोणी. त्याच चित्रात तारे पण त्रिकोणी आलेत! मुलाला सांगा, रस्त्यावरचा लाइट मुद्दाम फोकस घालवून शूट कर, आकार तोच आला तर खेळ खलास.

खडकीहून निवृत्त रडार टेक्निशियन : डोळा चुकतो मान्य. पण रडार? रडार आणि डोळा दोन्ही एकदम कसे चुकतील?

साहेब, हा खरा प्रश्न, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी बाकीच्यांसाठी लिहितो.

रडारला दिसतं ते खोटं नसतं पण ते काय आहे हे रडार सांगत नाही. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवारी रात्री वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपकेच ठिपके, व्हाइट हाउसच्या वर सुद्धा, जेट विमानं धावली, काहींना दिवे दिसले, काहींना काहीच नाही. हवाई दलाने कारण दिलं ते उलट्या तापमानाचं. जमिनीलगत गार हवा आणि वर गरम असा थर बसला की रडारच्या लहरी वाकून खाली येतात आणि जमिनीवरच्याच वस्तू आकाशात दाखवतात. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी पर्वतीवरून बघितलं की शहरावर धुराची सपाट चादर दिसते, ती याच उलट्या थराची करणी. आणि रडारवाल्याने वायरलेसवर सांगितलं की "तुझ्या उजवीकडे आहे" तर पायलट उजवीकडे बघणार, आणि उजवीकडे एखादा तारा असणारच की. म्हणजे ते दोन साक्षीदार नाहीत, एकाने दुसऱ्याला पढवलेलं असतं.

दुसरी गोष्ट फिल्टरची. हळू चालणाऱ्या बारीकसारीक वस्तू, पक्षी वगैरे, स्क्रीनवरून मुद्दाम काढून टाकतात, नाहीतर ऑपरेटर वेडा होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा तो मोठा फुगा अमेरिकेने पाडला, मग घाबरून रडारची ही चाळणी ढिली केली, आणि काय आश्चर्य, लगेच १०, ११, १२ फेब्रुवारीला अलास्का, युकॉन आणि लेक ह्युरॉनवर अशा तीन अनोळखी वस्तू सापडल्या आणि तिन्ही पाडल्या! आधीही त्या असणारच, दिसत नव्हत्या इतकंच. पुढे त्यांच्या सरकारनेच सांगितलं की बहुधा कुणा कंपनीचे किंवा संशोधनाचे निरुपद्रवी फुगे असावेत. इलिनॉयमधल्या एका हौशी मंडळाचा छोटा फुगा नेमका त्याच सुमारास त्याच बाजूला बेपत्ता झाला, तोच युकॉनवर पडला असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, सिद्ध झालेलं नाही. एकेक क्षेपणास्त्र ४ लाख डॉलरच्या वर, आणि ह्युरॉनवर पहिलं चुकलं म्हणून दुसरं सोडावं लागलं. आपल्या पेठेत असं झालं असतं तर फुगेवाल्याकडून वसूल केलं असतं.

आणि उलटंही होतं, रडारला दिसत नाही म्हणूनच गूढ वाढतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये चिलीच्या नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेडवर एक वस्तू टिपली, मागे काहीतरी ढगासारखं सोडत जाणारी. रडारला विचारलं तर तिथे काहीच नाही. तिथल्या सरकारी समितीने दोन वर्षं अभ्यास केला, काही कळलं नाही, जानेवारी २०१७ मध्ये व्हिडिओ लोकांपुढे ठेवला, आणि घरी बसलेल्या हौशी मंडळींनी काही दिवसांत उत्तर काढलं की सँटियागोहून माद्रिदला निघालेलं इबेरियाचं प्रवासी विमान. "ढग" म्हणजे विमानामागची पांढरी रेघ. रडारवर ते विमान नीट दिसत होतं, फक्त वैमानिकांना वाटलं त्यापेक्षा बरंच लांब, त्यामुळे त्यांनी विचारलं त्या जागी अर्थातच काही नव्हतं.

औंधहून एक वाचक : सगळं अमेरिकेतच का दिसतं? आपल्याकडचे काय डोळे मिटून उडतात?

दिसतं हो, आपण त्याचे मेळावे भरवत नाही एवढंच. २०१२ मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला जवानांना पिवळसर उजेडाच्या वस्तू दिसायला लागल्या. चिनी ड्रोन असणार, दुसरं काय! ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये ३२९ नोंदी झाल्या, त्यातल्या १५५ वेळा वस्तू हद्द ओलांडून आत आली अशी नोंद. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना विचारलं, ज्यांची वेधशाळा तिकडेच हानलेला आहे. त्यांनी वेळा आणि दिशा तपासल्या आणि सांगितलं की संध्याकाळनंतर येतो तो गुरू आणि पहाटे येतो तो शुक्र. घुसखोरी करत होते म्हणा ना, पण रोज करतात. यात हसण्यासारखं काही नाही, ४ हजार मीटरवरच्या त्या विरळ, स्वच्छ हवेत शुक्र डोळ्यात घुसतो, आणि समोर सीमा आहे तेव्हा ड्रोन आहे असं समजणंच जवानाचं काम. वर काकांना सांगितलं तेच.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर दुपारी काहीतरी उडताना दिसलं म्हणून विमानसेवा काही तास बंद ठेवली आणि हाशिमाराच्या हवाई तळावरून राफेल विमानं पाठवली. काही सापडलं नाही. मणिपूरमधली तेव्हाची परिस्थिती बघता ड्रोनची शंका येणं स्वाभाविक होतं. मी यात एवढंच म्हणेन की काही सापडलं नाही याचा अर्थ काही सापडलं नाही.

आणि आपला पाडवा विसरलात का? २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भ-खानदेशात आकाशात जळत्या रेघांची रांग. अकोल्याहून आमच्या मेहुण्याने व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं "विमान पेटलंय". ते होतं एका चिनी रॉकेटचं परत खाली येणारं धूड, आणि त्यातली सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची कडी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडली. असंच ३ मार्च १९६८ ला रशियाच्या झोंड-४ या यानाच्या रॉकेटचे तुकडे जळत अमेरिकेवरून गेले, तेव्हा काही साक्षीदारांनी लिहून दिलं की सिगारच्या आकाराचं यान होतं आणि त्याला खिडक्या होत्या, आतून उजेड येत होता. सुट्या ठिणग्या एका ओळीत चालल्या की मधला अंधार आपला मेंदू पत्र्याने भरून काढतो.

मराठवाड्यातल्या आणि सीमेलगतच्या वाचकांसाठी एक तळटीप, की हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अवाढव्य संशोधन फुगे सुटतात, काम झालं की उपकरणं पॅराशूटने खाली येतात. जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यात एका गावात असाच फुगा उतरला आणि गावाची झोप उडाली. वर चिठ्ठी असते, वाचा, हात लावू नका, फोन करा.

सदाशिव पेठेतून आजोबा : सगळं फुगा, शुक्र, विमान. मग एकाचंही उत्तर मिळालेलं नाही असं काही उरतं की नाही? सरळ सांगा, आडवळण नको.

उरतं, आजोबा. अमेरिकन हवाई दलाने १९६९ मध्ये आपली चौकशी बंद केली तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ची ओळख पटलेली नव्हती. जून २०२१ च्या अमेरिकन सरकारी अहवालात तर १४४ पैकी फक्त एकाची खात्रीने ओळख पटली, आणि तो निघाला हवा जात असलेला मोठा फुगा. लोकांनी याचा अर्थ काढला की १४३ परग्रहावरचे. अहो, उत्तर नाही म्हणजे माहिती नाही! पोलीस चौकीत शंभर सायकलींच्या चोऱ्या नोंदवल्या आणि चोर दोनच सापडले म्हणून बाकीच्या सायकली भुताने नेल्या असं आपण म्हणत नाही. आता पेंटॅगॉनचं वेगळं ऑफिसच आहे, जुलै २०२२ पासून. मे २०२३ ते जून २०२४ या काळात त्यांच्याकडे ७५७ रिपोर्ट आले, बरेचसे फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह, खूपशांत डेटाच पुरेसा नाही, आणि २१ असे की अजून खोलात जाऊन बघायला हवेत. मार्च २०२४ मध्ये त्यांनी जुन्या सगळ्या फायली तपासून सांगितलं की परग्रहावरच्या यंत्राचा पुरावा कुठेच नाही.

मला त्या २१ मध्ये रस आहे. परग्रहवाले असतील म्हणून नव्हे, एखादा शत्रूचा ड्रोन असेल, एखादी हवेतली गंमत असेल जी अजून पुस्तकात नाही. आणि म्हणूनच रिपोर्ट करणाऱ्या पायलटची टिंगल करू नये, कारण टिंगलीच्या भीतीने ते गप्प बसतात आणि मग हाताशी काहीच उरत नाही.

हल्ली एक नवीन भर म्हणजे स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची. रात्रीच्या विमानांतल्या पायलटना क्षितिजाजवळ दिवे पेटताना, विझताना, एकमेकांभोवती गोल फिरताना दिसायचे. सूर्य क्षितिजाखाली असतो त्याच दिशेला, उपग्रहांच्या सपाट अंगावरून त्याचं ऊन परावर्तित होतं, एक विझला की त्याच जागी मागचा येऊन चमकतो. गोल फिरत कोणीच नसतं.

विमाननगरहून दहावीतली एक मुलगी : मला काही दिसलं तर मी काय करू?

आधी घड्याळ बघ, मिनिटासकट लिहून ठेव. मग दिशा, आणि किती वर, ते हात लांब करून मुठीने मोज, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मोबाइल हातात धरून शूट करू नकोस, गच्चीच्या कठड्यावर टेकव, आणि फ्रेममध्ये शेजारच्या बिल्डिंगची टाकी किंवा एखादा खांब येऊ दे, तो खांब असला तर पुढे सगळं मोजता येतं. झूम अजिबात नको. किती लांब, किती मोठं, किती वेगात, हे तीन रकाने कोरे सोड. मग विमानांचं अॅप उघड, तुझ्या घरावरून तर लोहगावचं निम्मं ट्रॅफिक जातं, फक्त सुखोई त्यात दिसणार नाही. ग्रहांसाठी आकाशाचं अॅप. आणि मध्यरात्री दिसलं तर शुक्रावर आळ घेऊ नकोस, तो सूर्यापासून ४८ अंशांच्या पुढे कधी जात नाही, त्यामुळे पुण्यात रात्री बारा वाजता तो आकाशात नसतोच. दिवाळीत आणि ३१ डिसेंबरला मात्र काहीही दिसलं तरी मला मेल करू नकोस, ते पेटते कंदील असतात, गेल्या वर्षी अशी १७ पत्रं आली होती.